विषय: लाँड्रीवाले काका गेले

प्रिय मंडळी,

टोरंटोतल्या स्कारबरोचे आपले लाँड्रीवाले काका मंगळवारी पहाटे गेले. नौदलातली १५ वर्षं आणि इथल्या दुकानातली ३० हून जास्त, सगळी वाफेत काढली त्यांनी. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर शिकले आणि तिथून जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये. १९७१च्या युद्धावेळी तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. काका समजावून सांगायचे: विमान उडवायला त्याला झटक्यात पुढे ढकलणाऱ्या यंत्राला, म्हणजे कॅटापल्टला, वाफ लागते आणि डेकवर समोरून वाराही लागतो, म्हणजे जहाज पळायला हवं. तेही तीनच बॉयलरवर! तरी ४ डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक विमानं उडाली, कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले करून आली. "वरचं आम्हाला काय दिसणार? आम्ही खाली वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवून होतो," यापलीकडे काका बोलत नसत.

काकू सावरताहेत, लेक आली आहे. डबा न्यायचा असेल तर आधी मला कळवा, म्हणजे सगळे एकाच दिवशी जाणार नाहीत.

सचिव


उत्तर:

ताई, विद्यार्थी असताना दोन वर्षं मी संध्याकाळी काकांकडे काम करायचो. पहिल्या दिवशी इस्त्रीला हात लावू दिला नाही. बॉयलरपुढे उभं केलं आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीतलं पाणी दाखवलं. "हे दिसेनासं झालं तर घाबरून पाणी सोडायचं नाही. आधी आग बंद, मग मला हाक." दुकान बंद करताना ब्लोडाऊन, म्हणजे बॉयलरमधलं गाळाचं पाणी सोडणं, मात्र स्वतःच करायचे, ताप असला तरी. बाहेर उणे २० असायचं. त्या खोलीच्या उबेला बसून मी परीक्षांचा अभ्यास केला आहे.

पैठणी त्यांनी वाफेच्या प्रेसखाली कधी घातली नाही. उलटी पसरायचे, जरीवर सुती पंचा, मंद इस्त्री, आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक थांबलं तरी चालेल.

विक्रांत भंगारात निघाली ते २०१४ साल. मुंबईत तोडकाम सुरू झाल्याची बातमी वाचून काकांनी पेपरची घडी घातली आणि रात्री उशिरापर्यंत बॉयलरच्या पितळी झडपा पुसत बसले. मी शेजारी फडकं घेऊन बसलो, विचारलं काहीच नाही. तेव्हा विचारायला हवं होतं.


उत्तर:

काकूंचा आत्ताच फोन झाला. ढोल पथकाचे १४ झब्बे दुकानात टांगलेले आहेत, कडक इस्त्री केलेले. चिठ्ठीवर "मंडळ" एवढंच लिहिलंय, रक्कम नाही. दरवर्षी असंच करायचे आणि आपण मागे लागलो की "पुढच्या गणपतीला बघू" म्हणायचे.

रविवारी ११ वाजता मी गाडी घेऊन जातोय. या वेळी पैसे पाकिटात घालूनच नेणार आहे. काकू घ्यायच्या नाहीत. ताई, तुम्ही बरोबर चला.