नवी गाडी, पण अ‍ॅव्हरेज १२ च्या वर जात नाही – मदत हवी आहे

मंडळी, गाडी नवीन आहे. १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर, आतापर्यंत १,४०० किमी झाले. शहरात अ‍ॅव्हरेज १२ च्या आसपास अडकलंय.

हिशोब टाकी-टू-टाकी केलाय. ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरली, ट्रिप मीटर शून्य केला, ३१८ किमीनंतर त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत २६.५ लिटर बसलं. म्हणजे बरोबर १२. डिस्प्ले मात्र १३.८ दाखवत होता, त्यामुळे त्याच्यावर विसंबत नाही. हायवेला एकदा ८० च्या स्पीडने ९० किमी गेलो, तेव्हा त्याच डिस्प्लेवर १७.९ होतं.

रोजचं जाणं-येणं ४-४ किमीचं, मध्ये सिग्नल बरेच. इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर येतो न येतो तोच गाडी पार्क होते. एसी निम्मा वेळ चालू. बहुतेकदा मी एकटाच असतो, डिकी रिकामी.

टायरमध्ये हवा २८ होती, दरवाजाच्या स्टिकरप्रमाणे ३३ केली. वरचा आकडा त्यानंतरचाच आहे. ब्रेक धरतोय का पाहायला गाडी थांबवल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन पाहिला, सगळीकडे सारखंच कोमट. पेट्रोलचा वास नाही, वॉर्निंग लाइट नाही. पहिल्या सर्व्हिसला विचारलं तर "रनिंग होऊ द्या" एवढंच उत्तर मिळालं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारा स्कॅनर लावला नाही.

डिस्प्लेचेच दोन्ही आकडे धरले तर हायवेपेक्षा सुमारे ४ चा फरक आहे, तो फक्त थंड इंजिन आणि छोट्या फेऱ्यांमुळे पडू शकतो का? अशाच वापरात तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज किती किमीनंतर सुधारलं, की मी आत्ताच थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) आणि सेन्सर तपासून घ्यायचा आग्रह धरू?