‘बेळगावचा डबा’ दर महिन्याला? दुसऱ्या महिन्याचं बोला

टिळकवाडीकर
काल इथं एकानं लिहिलं, कुंदा, करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई), संकेश्वरी मिरची, मांडे एका खोक्यात भरा, महिना ८९९ रुपये घ्या, पुण्या-मुंबईच्या आपल्या लोकांना पाठवा. शंभर गिऱ्हाईकं झाली की नोकरी सोडा. असलं वाचून पोरं खरंच नोकरी सोडतात, म्हणून लिहितोय. मी हे केलंय. पहिल्या महिन्यात ६४ खोकी, सहाव्यात १९. माल वाईट नव्हता. दोन माणसांच्या घरात करदंट महिन्याभरात संपत नाही आणि मिरची आपल्यात उन्हाळ्यात वर्षाची भरतात. खात्यातून आपोआप पैसे कापायच्या २४ तास आधी गिऱ्हाइकाला निरोप जातो, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम. निरोप आला की माणूस कपाट उघडतो, मागचा पुडा तसाच दिसतो, तिथंच वर्गणी बंद. मांड्यांचं तर बोलूच नका. एका काकूंनी फोटो पाठवला, खोक्याच्या तळाला नुसता चुरा आणि पिठीसाखर. लेकीच्या डोहाळजेवणासाठी मागवले होते त्यांनी. पैसे परत दिले, पण तो दिवस कुठून परत देऊ?

शहापूरची वहिनी
दादा, तुमचा माल चुकला म्हणून धंदाच वाईट कसा? आम्ही सहाजणी चटण्या करतो. शेंगा, जवस, कारळ, २०० ग्रॅमचे पुडे, दोन महिन्यांतून एकदा. चटणी रोज ताटात असते, संपते की! पैसे आधी हातात आले की शेंगा रोखीनं घेता येतात, उधारीचा भाव लागत नाही. किती भाजायच्या तेही आधीच कळतं. एका महिन्याचा हट्ट कुणी सांगितला होता?

चंदगडी
वहिनी, तुमची गिऱ्हाईकं कर्नाटकातलीच ना? मग सोपं आहे. इथनं महाराष्ट्रातल्या शिनोळीला अर्ध्या तासात पोचतो, पण तो माल परराज्यात गेला. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर पहिल्या खोक्यापासून जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत सूट. म्हणजे पार बिदरला पाठवा, चालतंय. शेजारच्या गावाला पाठवा, कागद आणा.

खानापूरकर
आणि खोक्यावर काय छापणार, बेळगाव की बेळगावी? मी बेळगाव छापलं. कुरियरच्या एका पोऱ्यानं माझ्यासमोर पेनानं खोडून पुढं ‘वी’ लावला. माझ्या पैशाचं खोकं होतं ते.

हिंडलगा
१ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं. पत्त्यावर तेच लिहायचं, माल पोचतो. प्रत्येक धाग्यात हेच का काढता?

खानापूरकर
कारण पुण्यातला माणूस ‘बेळगावचा कुंदा’ म्हणूनच पैसे मोजतो. नाव काढलं तर खोक्यात उरतो नुसता खवा. तुम्हाला काही वाटत नाही, हे तुमचं दुर्दैव.

हिंडलगा
माझं दुर्दैव काढू नका. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तेव्हा माझी ३१ खोकी गोदामात अडकली. कुंदा सगळा टाकून दिला. आई कढईजवळ चार तास उभी होती त्यासाठी. नावाचा अभिमान मलाही आहे, पण त्या दिवशी फोन मी घेत होतो.

खानापूरकर
आईचं माहीत नव्हतं. ते शब्द मागं घेतो. नावाचं मात्र घेत नाही.

शहापूरची वहिनी
भांडण झालं असेल तर सांगते, आम्ही पत्त्यात सरकारी नाव घालतो आणि पुड्यावर मोठ्या अक्षरात ‘बेळगावची शेंगाचटणी’. आजवर कुणी अडवलं नाही.

टिळकवाडीकर
चटणीचं मान्य, वहिनी. दोन महिन्यांचंही मान्य करावं लागतंय, मला ते तेव्हा सुचलं नाही. पण मूळ पोस्टवाल्याला माझं एवढंच विचारणं आहे. तुझे ते शंभर जण दुसऱ्यांदा पैसे भरतील कशासाठी, ते लिही. आणि मांडे खोक्यात घालू नकोस.