संथ, रटाळ की रेंगाळणारा?

मालवण
भाचा बोस्टनला असतो. बेसबॉलला तो 'स्लो' म्हणतो आणि वर भयंकर आवडतो असंही सांगतो. या 'स्लो'ला मराठीत काय म्हणायचं? संथ? रटाळ?

रत्नागिरी
'रटाळ' नको, त्यात निकालच लावून टाकलेला असतो. 'संथ'ला दोष चिकटलेला नाही. आलापी संथ असते, म्हणून कोणी उठून जात नाही. बेसबॉलचा संथपणा तर मुळातच आहे. वेळ संपली म्हणून सामना संपला, असं तिथे होत नाही. बरोबरी असली तर नऊ इनिंगनंतरही (दोन्ही संघांची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग) खेळ पुढे चालू. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पॉटकेटला एक सामना ३३ इनिंग चालला!

शौकीन बघतो ते दोन चेंडूंच्या मधलं. बॅटरमागचा कॅचर पुढच्या चेंडूची खूण करतोय, चेंडू टाकणारा पिचर मान हलवून नाही म्हणतोय, पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचलेला गडी दोन पावलं पुढे सरकून चोरीच्या, म्हणजे पुढचा बेस पळून गाठायच्या, तयारीत. हे कळत नसेल तर एक माणूस टोपी सारखी करतोय, एवढंच दिसतं.

गुहागर
सगळंच असं खुणांचं नसतं हो. बॅटर चौकटीबाहेर येऊन हातमोजे घट्ट करतो, परत आत जातो, परत बाहेर. त्याला आपल्याकडे पाल्हाळ म्हणतात. भाषणाला लावतो तो शब्द खेळालाही चालेल. २०२२ मध्ये मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेचा, सामना सरासरी तीन तासांच्या वर जात होता. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावलं: बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. सरासरी २ तास ४० मिनिटांवर आली. खुणा राहिल्या, चोरी तर वाढली, पाल्हाळ तेवढं गेलं.

वेंगुर्ले
आमच्या दशावताराचा बघा. नाटक रात्रभर चलता, पण कोण उठान जाणा नाय. सुरवातीक येणारो संकासुर रंगलो तर मुख्य आख्यान उशिरा सुरू झाला तरी चलता. नाय रंगलो तर मगे लोक चाय पियाक जातत. वेळेचो प्रश्नच नाय, रंगतीचो आसा.

रत्नागिरी
अगदी! आणि रंगत वेगळी, चुरस वेगळी. चुरस धावफलकावर असते. मेजर लीगमध्ये २०१८ ला पहिल्यांदाच हंगामभरात स्ट्राइकआउट (तीनदा चुकून बाद होणं) हिटपेक्षा (बेस गाठून देणाऱ्या फटक्यांपेक्षा) जास्त झाले. म्हणजे एकतर बॅटर हवेत बॅट फिरवून परत, नाहीतर थेट होमरन, म्हणजे चेंडू कुंपणापार. चेंडू मैदानात पडून धावाधाव होण्याचे प्रसंग कमी. अशाने चुरस असूनही रंगत जाते.

मूळ प्रश्नाला माझं मत 'रेंगाळणारा'. पोराला "काय रेंगाळतोयस?" म्हणून ओरडतो आणि सोलकढीची चव जिभेवर रेंगाळली असंही म्हणतो. दोन्ही बाजू एकाच क्रियापदात.

गुहागर
मग १९९४ ला काय म्हणाल? मेजर लीगच्या खेळाडूंच्या संपात ऑगस्टमध्येच हंगाम बंद पडला, वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, रद्द झाली. पुढच्या वर्षी मैदानात गर्दी घटली. ते लोक 'कंटाळले' नव्हते. 'विटले' म्हणू का?

रत्नागिरी
'विटले' फार झालं. विटलेला माणूस सहसा परत येत नाही. १९९८ मध्ये मॅग्वायर आणि सोसा या दोन बॅटरांची होमरनची शर्यत लागली, ७० आणि ६६ होमरन, आणि माणसं पुन्हा चवीने बघू लागली. तेव्हा १९९४ ला 'रुसले' म्हणा. पुढे २०१० मध्ये मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. ते ऐकून जे पुन्हा फिरकलेच नाहीत, त्यांना खुशाल 'विटले' म्हणा.