बंद पडलेल्या बँडची कॅसेट संगणकावर उतरवून फुकट वाटावी का?

रंगभवनचा प्रेक्षक (धागाकर्ता):
1986 मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव आणि धोबी तलावचे रंगभवन हे खुले प्रेक्षागृह यांच्या आधाराने मुंबई-पुण्यात जे बँड उभे राहिले, त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. काहींनी पदरमोड करून कॅसेट काढल्या, त्या कार्यक्रमाच्या दाराशी विकल्या गेल्या आणि पुन्हा कधी निघाल्या नाहीत. उरलेल्या फितींना आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी लागते आहे. माझे मत असे की, जे संगीत आज कोठेही विकत मिळत नाही आणि ज्याचा बँडही उरलेला नाही, त्याची प्रत करून रसिकांना विनामूल्य देण्यात नैतिक दोष नाही. दोष असेलच तर ती फीत कपाटात कुजू देण्यात आहे. मात्र जो बँड आज वाजवतो आहे आणि ज्याचा अल्बम पैसे मोजून मिळतो, त्याची प्रत कोणी कोणाला देऊ नये. ‘आम्ही त्यांचा प्रचारच करतो’ ही सबब मला मान्य नाही.

तबकडी:
पहिल्या मुद्द्याशी सहमत, दुसऱ्याशी मुळीच नाही. शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडने आपल्या कच्च्या गाण्यांच्या सीडी कार्यक्रमांत फुकट वाटल्या, चाहत्यांनी त्या इंटरनेटवर चढवल्या, आणि 2006 च्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा श्रोत्यांना गाणी पाठ होती. मेटॅलिका या बँडची 1982 ची डेमो (नमुन्यादाखलची) कॅसेटही हातोहात प्रती होऊनच देशोदेशी पोहोचली होती (हाच बँड 2000 मध्ये, इंटरनेटवरून गाण्यांची फुकट देवाणघेवाण घडवणाऱ्या नॅप्स्टरविरुद्ध न्यायालयात गेला, हा भाग वेगळा). अनोळखी बँडला चोरीपेक्षा दुर्लक्षाचे भय अधिक असते.

मंद्रसप्तक:
मी एका छोट्या बँडमध्ये बेस वाजवतो, म्हणून सविस्तर लिहितो. आपण दिलेल्या दोन्ही उदाहरणांत पहिली प्रत बँडने स्वतःच्या हाताने बाहेर दिली होती. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने तर 1984 पासून मैफलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागा राखून ठेवली. अट इतकीच की त्या फितींची देवाणघेवाण करावी, विक्री करू नये. अशा ठिकाणी प्रत वाटणारा बँडच्या इच्छेनुसार वागत असतो. माझा अल्बम मला न विचारता वाटणारा मात्र माझा निर्णय परस्पर घेऊन टाकतो, आणि वर उपकारही मोजतो. शिवाय फुकट वाटपामुळे जे मोठे झाले तेवढेच आपल्याला दिसतात. ज्यांची गाणी शेकडो लोकांनी उतरवून घेतली आणि तरीही दुसरा अल्बम काढण्याइतके पैसे जमले नाहीत, त्यांचा दाखला द्यायला कोणी येत नाही. स्टुडिओचे भाडे, ड्रम्सचे ध्वनिमुद्रण, मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र जुळवणे) आणि मास्टरिंग (त्यावर शेवटचा हात फिरवणे) हा सारा खर्च आम्ही नोकरीच्या पगारातून करतो. पैशांपेक्षाही मला अधिक टोचते ते वेगळेच आहे. अशा वाटपात फाइलचे नाव बदलते, मुखपृष्ठ गळते, वादकांची नावे जातात, आणि कधीकधी अपुरे मिक्सच आमची अंतिम कृती म्हणून फिरू लागते.

तबकडी:
नावे गळू नयेत, हे मान्य. पण पैशाचे गणित तुम्हीच पाहा. स्पॉटिफायने 2024 पासून असा नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत किमान 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. म्हणजे मी तुमचे गाणे तेथे पूर्ण कायदेशीरपणे वर्षभर ऐकले तरी तुमच्या हाती शून्य येण्याची शक्यता आहे. मग माझ्या नैतिकतेचा तुम्हाला उपयोग काय?

मंद्रसप्तक:
म्हणूनच बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर विकत घ्या. तेथे डिजिटल विक्रीतून सामान्यतः 15 टक्के कापून घेतात. व्यवहाराचे शुल्क गेल्यावर उरते ते बँडचे. एक कंपनी आम्हाला पैसे देत नाही, यावरून आपणही देऊ नयेत असे कसे ठरते?

कलमदान:
मूळ प्रश्नाकडे वळतो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे टिकतात, म्हणजे 1994 च्या कॅसेटचे हक्क 2054 अखेरपर्यंत राहतील. बँड मोडल्याने ते संपत नाहीत. आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. ध्वनिमुद्रणाचा प्रथम हक्क सामान्यतः निर्मात्याचा असतो, त्यामुळे कॅसेट एखाद्या कंपनीने काढलेली असेल, तर गायकाने आनंदाने ‘वाटा’ म्हटले तरी ती परवानगी पुरेशी ठरत नाही. स्वतःपुरती प्रत करण्यास कलम 52 मध्ये खाजगी वापराची सवलत आहे, परंतु ती प्रत सर्वांसाठी खुली करणे त्यात बसत नाही. हक्कधारक सापडतच नसेल तर कलम 31-अ खाली परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव छापावा लागतो.

रंगभवनचा प्रेक्षक (धागाकर्ता):
माहितीबद्दल आभार, तिने माझेच म्हणणे बळकट होते. एका विस्मृत कॅसेटसाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, त्यानंतर अर्ज करायचा, आणि तोवर फीत आणखी खराब होऊ द्यायची, हा मार्ग प्रकाशकांना परवडेल, रसिकाला नाही. मी मुखपृष्ठासह सर्व नावे देईन, एक पैसाही घेणार नाही, जाहिराती लावणार नाही, आणि बँडपैकी कोणीही हरकत घेताच ती गाणी काढून टाकीन. एवढे पाळल्यावर कोणाचे नुकसान होते, ते कोणी सांगावे.

मंद्रसप्तक:
फितीची डिजिटल प्रत आजच करून ठेवा. त्याला माझा विरोध नाही, आणि बुरशी परवान्यासाठी थांबणारही नाही. विरोध आहे तो आधी चढवण्याला आणि नंतर विचारण्याला, कारण एकदा बाहेर गेलेली गाणी तुम्ही काढली तरी इतरांच्या संगणकांवर राहतात. बँड मोडला असला तरी वादक हयात असतात, कोणी बंगळुरूला नोकरी करतो, कोणी लग्नसमारंभांत वाजवतो, आणि विशीतले आपले बेसूर गाणे जगाला ऐकवावे असे त्यांतल्या प्रत्येकाला वाटेलच असे नाही. आपल्याकडील कॅसेटवर वादकांची, स्टुडिओची आणि निर्मात्याची नावे छापलेली असतील, तर ती येथे न लिहिता मला व्यक्तिगत निरोपाने कळवा. त्या काळच्या बऱ्याच वादकांशी माझा अजून संपर्क आहे. मी स्वतः विचारून पाहतो.