आग लावली नाही, लागली. मग शिक्षा किती?

फ्रीमाँटकर:
सप्टेंबर २०२०. कॅलिफोर्नियात उष्णतेची लाट. युकायपाजवळच्या एल डोराडो रँच पार्कात एक जोडपं होणारं बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करायला रंगीत धुराचं नळकांडं पेटवतं. आजूबाजूला उंच वाळकं गवत! बाटल्यांतलं पाणी ओतून विझवायचा प्रयत्न झाला, ९११ या आपत्कालीन नंबरला फोनही केला, पण आग गेली डोंगरात. २२ हजार एकरांहून जास्त जंगल जळलं, पाच घरं गेली, अग्निशमन दलाचा एक जवान मेला. २०२४मध्ये नवऱ्याने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा काय, तर काउंटी जेलमध्ये (म्हणजे स्थानिक तुरुंगात) एक वर्ष, दोन वर्षं प्रोबेशन (म्हणजे बाहेर, पण देखरेखीखाली) आणि सुमारे १७.९ लाख डॉलर भरपाई. बायकोला तुरुंगही नाही. एका माणसाच्या जिवाची किंमत वर्षभर? मला हे पटत नाही.

अर्धवट_वकील:
असहमत. कॅलिफोर्निया दंडसंहितेची ४५१ आणि ४५२ ही कलमं शेजारी ठेवून वाचा. ४५१ म्हणजे मुद्दाम, दुष्टाव्याने लावलेली आग. राहतं घर जाळलं तर ३, ५ किंवा ८ वर्षं, कोणाला गंभीर इजा झाली तर ५, ७ किंवा ९. ४५२ म्हणजे बेफिकिरी: धोका दिसत होता, तरी काणाडोळा केला. त्यात राहतं घर जळलं तर २, ३ किंवा ४ वर्षं, नाहीतर काउंटी जेलमध्ये एक वर्षापर्यंत. म्हणजे ही पळवाट नाही, कायद्यानेच ठेवलेली वाट आहे. सदोष मनुष्यवधही त्या नवऱ्याने कबूल केलाच. किती एकर जळलं हे वारा ठरवतो हो, माणसाच्या मनात काय होतं ते वारा ठरवत नाही.



तिखटमीठ:
मनात काय होतं म्हणे! कंपनीला मन असतं का, वकीलसाहेब? २०१८ची कॅलिफोर्नियातलीच 'कॅम्प फायर' नावाची वणव्याची आग आठवा. पॅराडाइज गाव जवळजवळ अख्खं राख. कारण काय, तर पीजी अँड ई या वीज कंपनीच्या लाइनवरचा शंभरेक वर्षांचा झिजलेला लोखंडी आकडा तुटला. २०२०मध्ये कंपनीने ८४ मनुष्यवध कबूल केले, वर हेच तुमचं बेफिकिरीच्या आगीचं कलम. दंड सुमारे ३५ लाख डॉलर. तुरुंगात कोण गेलं? कोणीच नाही. धुराचं नळकांडं पेटवणारा निदान आत तरी गेला.

फ्रीमाँटकर:
तिखटमीठ, हा तर माझाच मुद्दा झाला की! दोघांनाही जास्त शिक्षा हवी.

अर्धवट_वकील:
कंपनीच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते मान्य. तिथे कायदा तोकडाच पडतो. पण म्हणून जोडप्याची शिक्षा वाढवायची, हा कुठला न्याय?

बागवाला:
रत्नागिरीतून लिहितोय. तुमच्याकडे बेफिकिरीला मधली पायरी तरी आहे. आपल्या न्यायसंहितेत कलम ३२६खाली जाणूनबुजून आगीने पिकाची नासधूस केली तर ७ वर्षांपर्यंत, घर जाळलं तर थेट जन्मठेपेपर्यंत. आणि निष्काळजीपणाचं कलम २८७ बघा: जास्तीत जास्त सहा महिने किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी मेलं तर वेगळं कलम आहे, पण काजूची झाडं मेली तर?

माझ्या शेजाऱ्याने तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, भाजावळ केली (जमीन भाजली). पाचोळा, शेण, गवत रचलं, सकाळी वारा पडलेला बघून पेटवलं. दहाच्या सुमारास वारा फिरला. माझी काजूची चाळीस कलमी झाडं गेली, सात वर्षं वाढवलेली.

तिखटमीठ:
तक्रार केलीत ना?

बागवाला:
नाही केली. उरलेली बाग ऐनाच्या ओल्या डहाळ्यांनी आग झोडपून त्यानेच वाचवली. कोपरापर्यंत दोन्ही हात भाजले त्याचे. त्या साली तरवा मीच लावून दिला त्याचा.

फ्रीमाँटकर:
आणि हात भाजले नसते तर?

बागवाला:
तर केली असती.