कवळी बसवल्यापासून बाबांचं बोलणं अडखळतंय, भजनही बंद झालंय. सल्ला हवा

फोंड्याची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा पंचाहत्तरीकडे झुकलेत, मराठी शाळेत मास्तर होते. गावच्या देवळात दर सोमवारी भजन असतं, तिथे ते पुढे बसून गायचे. चवथीत वाड्यावरच्या घराघरांतल्या आरत्या तेच सुरू करायचे. गेल्या वर्षी उरलेसुरले दात हलायला लागले म्हणून सगळे काढले आणि पावसाळा सरल्यावर वरची-खालची पूर्ण कवळी बसवली. आता शिगमा तोंडावर आलाय.

चावणं बऱ्यापैकी जमतंय, बोलणं जमत नाही. 'स' म्हटला की शिट्टी वाजते. तोंड मोठं उघडलं की वरची कवळी सुटते, खालची जिभेवर तरंगते आणि घाईने बोलले की दात टकटक वाजतात. फोनवर समोरच्याने दोनदा "काय म्हणालात?" विचारलं की ते फोन आईच्या हातात देतात. दुकानात जाताना खिशात यादी लिहून नेतात आणि न बोलता पुढे करतात. भजनाला बोलावायला आलेल्यांना "घसा बसलाय" असं आतूनच आईकरवी कळवतात. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांचे उच्चार सुधारले, त्याला असं गप्प बसलेलं बघवत नाही.

ज्या दवाखान्यात कवळी केली तिथे परत नेलं. "सवय होईल" एवढंच सांगितलं. तिथे माप घेतलं आणि थेट तयार कवळीच हातात दिली होती.

सवयीने खरंच सुधारेल का? नवी करावी का? इम्प्लांटचं (जबड्याच्या हाडात बसवतात त्या स्क्रूचं) या वयात काय? गोव्यात कुठे दाखवावं?

पेडण्याचा_नटकाका
ताई, मी स्वतः कवळी लावतो आणि जत्रेतल्या नाटकांत अजून काम करतो, तेव्हा बाबांना माझा निरोप द्या की आवाज परत येतो. सुरुवातीला तोंडात लाळ फार सुटते, वाक्य सुरू करण्याआधी ती गिळायची सवय लावायची. मी रोज सकाळी दार लोटून पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायचो. हळू, शब्द तोडून. घरच्यांसमोर नाही, एकट्याने. जो शब्द अडेल तो बाजूला लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी आधी तोच घ्यायचा.

खाण्यातलं एक महत्त्वाचं सांगतो. वरचं टाळू झाकलं गेलं की माशाचा काटा लागत नाही, कळेपर्यंत तो घशाशी असतो. बांगडा, पेडवे खाताना काटे हाताने नीट काढूनच घास घ्यायला सांगा. उंड्याची, म्हणजे आपल्या कडक पावाची, कड पुढच्या दातांनी ओढून तोडायची नाही, कवळी मागून उचलली जाते. लहान तुकडे करून दोन्ही बाजूंनी चावायचं.

पण टकटक आवाज माझ्या कवळीला कधीच आला नाही. ते दाखवाच.

दंतवैद्य_तिसवाडी
मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, कवळ्या हेच माझं रोजचं काम. "सवय होईल" हे अर्धंच उत्तर आहे. लाळ सुटणं, तोंड भरल्यासारखं वाटणं, जीभ जड होणं ही सवयीची बाब, काही आठवड्यांत निवळते. पावसाळ्यानंतर बसवलेली कवळी शिगम्यापर्यंत वाजत असेल, तर तो कवळीचाच दोष धरायचा.

वरच्या-खालच्या दातांची मिळून उंची जास्त झाली की बोलताना ते एकमेकांवर आपटतात. 'स' म्हणताना दोन्हींमध्ये साधारण १ ते २ मिलिमीटर फट राहायला हवी, ती खाल्ली गेली की टकटक. शिट्टीचं कारण वेगळं. पुढच्या दातांच्या मागे जीभ आणि कवळी यांच्यामधून हवा जाते, ती वाट फार अरुंद झाली की शिट्टी वाजते आणि फार रुंद झाली की 'स'चा 'श' ऐकू येतो. त, द, न म्हणताना आपली जीभ थेट दातांच्या पाठीला टेकते, त्यामुळे दात थोडे आत-बाहेर बसले तरी हे उच्चार बिघडतात. वरच्या दातांची लांबी चुकली की फ आणि व बिघडतात. ट, ठ, ळ यांना जीभ मागे वळून टाळूला लागते. तिथे प्लास्टिक जाड असेल तर भजन म्हणणारा माणूस 'विठ्ठल' म्हणतानाच अडकणार.

वरची कवळी लाळेच्या पातळ थरावर आणि कडेने हवा न शिरण्यावर टिकून असते. मागची कड आखूड किंवा सैल असली की तोंड मोठं उघडताच हवा आत शिरते. गाताना तोंड जास्त उघडतं, म्हणून बाबांना हा त्रास भजनात सर्वांत आधी जाणवला असणार. त्यांची औषधंही तपासून घ्या. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि कवळीची पकड जाते.

शिवाय दात काढल्यावर पहिल्या वर्षात हाड झपाट्याने झिजतं, कवळी सैल होते. मग आतून नवा थर देतात, त्याला रिलाइनिंग म्हणतात. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. वाढलेली उंची मात्र रिलाइनिंगने जात नाही, त्यासाठी बहुधा नवी कवळी लागते.

नवी करायचं ठरलं तर माझा एकच आग्रह आहे: मेणाची ट्रायल, म्हणजे मेणावर दात लावून तोंडात घालून बघणं, झाल्याशिवाय कवळी पक्की करू देऊ नका. मेणावर लावलेला दात जागच्या जागी हलवता येतो, अ‍ॅक्रिलिक (कवळीचं कडक प्लास्टिक) शिजून आल्यावर तसं होत नाही. बहुतेक लोक त्या दिवशी आरशात फक्त हसून बघतात. बाबांना भजनाची वही घेऊन पाठवा आणि खुर्चीत बसून एक अख्खं भजन म्हणू द्या. मी अशा वेळी टाळूच्या भागावर पावडर भुरभुरून 'स', 'त' म्हणायला लावते. जीभ जिथे टेकते तिथली पावडर पुसली जाते आणि कुठे जाड आहे, कुठे खोल आहे ते डोळ्यांना दिसतं.

सांगेकरीण
आईची कवळी बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजमध्ये केली. तिथे प्रोस्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. शिकणारे डॉक्टर काम करतात, वरिष्ठ येऊन तपासतात. आमच्यासारख्या लांबून येणाऱ्यांना फेऱ्या जड जातात, पण घाई केली नाही त्यांनी. माझं मत तिथेच न्या.

अजून एक सांगू? आई अडखळली की आम्ही तिचं वाक्य पूर्ण करायचो. एक दिवस ती ओरडली, "मला बोलू द्या गो!" तेव्हापासून थांबायला शिकलो. घरात पाहुणे आले तरी तिचं वाक्य तीच संपवते.

वाचाउपचार_म्हापसा
सांगेकरीणताईंनी लिहिलं तेच मी घरच्यांना पहिल्यांदा सांगते. नटकाकांचा एकट्याने वाचायचा उपायही चांगला आहे. त्यात थोडी शिस्त घालता येईल.

बाबा मास्तर होते ना, मग त्यांना गोव्याचे तालुके म्हणायला लावा. सासष्टी, सत्तरी, तिसवाडी यांत 'स' सुरुवातीलाही येतो आणि मध्येही. फोंड्यात फ, डिचोलीत ड आणि च, धारबांदोड्यात ध, द, ड एका दमात. त्यानंतर एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत आकडे: त्रेसष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. हे सावकाश, ओठ आणि जीभ पूर्ण हलवून. मोबाइलवर रेकॉर्ड करून आठवड्याने जुनं रेकॉर्डिंग ऐकवा. सुधारणा त्यांच्या कानावर पडली पाहिजे. आधी बोलण्यात जमू द्या, मग संथ लयीतलं भजन, मग द्रुत.

आणि कान तपासा. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, 'स' त्यातलाच. स्वतःचा 'स' नीट ऐकू येत नसेल तर तो दुरुस्त कसा करणार? हे फार वेळा सुटून जातं.

कवळी सैल असताना मात्र सराव करून घेऊ नका. ती सावरायला माणूस जीभ आणि गाल आवळून बोलतो, आणि तीच वाईट सवय पक्की होते.

फोंड्याची_लेक
किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी. बाबांना वाचून दाखवलं. मेणाच्या ट्रायलचं ऐकून म्हणाले, "मला कोणी बोलून बघा असं सांगितलंच नाही." बांबोळीला न्यायचं ठरलंय, वही घेऊन.

डॉक्टर, इम्प्लांटचं राहिलं. आणि ते रात्रीसुद्धा कवळी काढत नाहीत. बिनदातांचं तोंड आईनेही बघू नये असं त्यांना वाटतं.

दंतवैद्य_तिसवाडी
इम्प्लांटला वय आड येत नाही. साखर आटोक्यात आहे का, धूम्रपान आहे का आणि हाड किती उरलंय हे बघावं लागतं. त्रास जास्त करून खालची कवळी देते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या टॉलग्रेन यांच्या दीर्घ अभ्यासात खालचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेलं दिसलं होतं. वर टाळूचा आधार तरी असतो, खाली जिभेने ढकललं की कवळी उठते. म्हणून खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं होतं. खर्च जास्त आहे, म्हणून आधी चांगली साधी कवळी करून बघा. खालची तरीही तरंगली तर हा विचार करा. वर सहसा लगेच गरज पडत नाही.

बोलण्याची तक्रार किरकोळ आहे असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. तोंडाच्या आरोग्याचा जगण्यावर काय परिणाम होतो हे मोजायला ओएचआयपी-१४ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिचा पहिलाच प्रश्न शब्द उच्चारताना अडचण येते का, हा आहे.

रात्री काढायलाच हवी. हिरड्यांना मोकळीक लागते. सतत लावून ठेवली की टाळू लाल होऊन बुरशीचा संसर्ग होतो, मग कवळी टोचते आणि बोलणं आणखी बिघडतं. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवायची, पेस्टने चरे पडतात. डबीत साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. गरम पाणी नको, आकार बिघडतो. लाज वाटत असेल तर दिवा मालवल्यावर काढू देत आणि उठल्या उठल्या लावू देत. डबी त्यांच्या उशाशी, त्यांच्याच हाताशी ठेवा.