चर्चच्या आवारातला तो दगडी क्रॉस कुणा एकाच्या थडग्याचा नव्हता

वर कुणीतरी लिहिलंय की इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवारातले दगडी क्रॉस म्हणजे गावातल्या बड्या लोकांची थडगी, आणि ऊनपावसाने त्या क्रॉसची डोकी, म्हणजे खांबावरचा कोरीव भाग, गळून पडली. दोन्ही पटत नाही. तो एकच क्रॉस अख्ख्या आवाराचा असायचा, साध्या माणसाच्या कबरीवर मध्ययुगात दगड नसायचाच, त्यामुळे पुरलेल्या सगळ्यांची मिळून खूण तीच. शिवाय पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिरवणूक निघाली की तिथे थांबून बायबल वाचायचे. आणि डोकी बहुतेक ठिकाणी माणसांनी पाडली, आधी १६व्या शतकात, मग ऑगस्ट १६४३ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला की मूर्ती आणि क्रॉस चर्चमधून, आवारातूनसुद्धा काढून टाका. म्हणून आज बऱ्याच गावांत नुसत्या पायऱ्या आणि खांबाचं खुंट दिसतं, काही खुंटांवर नंतर सनडायल (सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ) बसवलं.

पण ग्लॉस्टरशरमधल्या अँपनी क्रूसिसचा क्रॉस नक्की बघा. १५व्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्याचं कोरीव डोकं १९व्या शतकात चर्चच्याच भिंतीत चिणलेलं सापडलं, म्हणजे कुणीतरी जीव तोडून लपवलं असणार असंच मला वाटतं, मग ते परत खांबावर चढवलं. रुंद बाजूंना क्रुसावरचा येशू आणि बाळाला घेतलेली मेरी, अरुंद बाजूंना सेंट लॉरेन्स आणि चिलखतातला एक सरदार. इतकी वर्षं भिंतीच्या आडोशाला राहिल्यामुळेच हे कोरीवकाम आज ओळखता येतं, उघड्यावर राहिलं असतं तर तुम्ही म्हणता ती झीज इथे खरंच झाली असती.